उणे

आमगाच्या काठी आज उणे एकावन्न.
काचेवरचं हिम नखानं खरवडून
तुयारानं डोळ्याएवढी जागा केली, बाहेर बघितलं.
गाडी अंगणात, रजईत गुंडाळलेली,
इंजिन रात्रभर घुरघुरतंय.
बंद केली तर वसंताआधी उठायची नाही.

आईनं कधी थंडीचं उणं काढलेलं
कुणी ऐकलेलं नाही.
कुंपणाशी रचलेल्या लाद्यांमधली एक
ती लेकरासारखी कवेत घेते:
पानगळीत तळ्यातून करवतीनं कापलेलं पाणी,
निळसर, आत गवताची एक काडी अडकलेली.
चुलीशेजारच्या पिंपात हळूच सोडते.
पाणी इथे भरत नाहीत. उचलतात.

दूध थाळीएवढं गोल, गोणीत उभं.
मासे बादलीत, शेपट्या वर.
गायीच्या आचळांना सशाच्या कातड्याची झोळी,
तळ्यावर जाऊन येण्यापुरती.
गोठ्यात मात्र काहीच गोठत नाही,
शेणानं लिंपलेल्या भिंती
आणि चार गायींचे श्वास.

घराला तीन दारं.
एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.
घाईच्या माणसाचं इथे काम नाही.
आणि तिसऱ्या दाराच्या आत
तुयारा बिनबाह्यांच्या झग्यात, घामेजलेली,
फोन कानाशी धरून हसते आहे.

"ताई, मी गारठलोय."
"किती आहे तिकडे?"
"शून्य."
"उणे किती?"
"नुसतं शून्य गं."

न्यूर्गुन, धाकटा. अथेन्सजवळच्या गोदीत
जहाजांचे पत्रे जोडतो.
आज गोदी बंद, शाळा बंद, बस रस्त्यात आडवी,
बेकरीतला पाव नऊ वाजताच संपलेला.
पडलंय किती, तर चार बोटं.
"हसू नकोस. इथे फरशी संगमरवरी,
खिडकीला एकच काच, तीही सैल.
यंदा तेल घ्यायचं नाही असं
इमारतीतल्या निम्म्या लोकांनी ठरवलं,
परवडत नाही म्हणाले. घरात नऊ अंश.
आपल्याकडे थंडी दाराबाहेर राहते, ताई,
इथे ती जुनी भाडेकरू आहे,
माझ्याआधीची."

मागे काहीतरी टपकन पडलं.
"संत्रं," तो म्हणाला. "रस्त्याकडेची कडू संत्री.
बर्फाचं ओझं त्यांना माहीत नाही."

मग सांगितलं त्यानं वरच्या मजल्यावरच्या
एव्हान्थियाबाईंचं.
सकाळीच दार वाजवलं, स्लिपर घालून,
खांद्यावर दोन शाली:
तू तिकडचा ना? मग ये.
गच्चीत कुंडीतलं लिंबू, नवऱ्यानं लावलेलं,
पानं काळवंडायला लागलेली.
त्यानं बुंध्याशी वर्तमानपत्रं कोंबली,
रजई आणली, बाबा गाडीला बांधायचे तशी बांधली,
वर श्वासापुरतं तोंड ठेवून.
याला इंजिन नाही, हे ठाऊक असूनही
थोडा वेळ हात लावून उभा राहिला.

बाई तोवर कठड्यावरचं बर्फ
बिस्किटांच्या डब्यात भरत होत्या,
दाबून, चमच्यानं.
फ्रीजरमध्ये ठेवलं.
रविवारी नात येणार आहे.

आईनं फोन काढून घेतला.
"रजई कुणाची होती?"
"माझी."
"मग तू काय पांघरलंस?"
तिकडे गप्प.
"पायांत काय आहे?"
"बाबांचे बूट. रेनडिअरचे.
झोपताना सुद्धा."
आई काही बोलली नाही.
पिंपातल्या लादीला तडा गेला,
हिवाळ्यात या घरात एवढाच आवाज होतो.

फोन ठेवल्यावर बराच वेळ
ती खरवडलेल्या त्या जागेला डोळा लावून होती.
कुंपणापाशी साठ लाद्या,
जूनपर्यंतचा चहा.
"एक डबा म्हणाला ना तो?"
"हो. बिस्किटांचा."
"लहान की मोठा?"
"ते नाही विचारलं."

"विचारायला हवं होतं," आई म्हणाली.
"पोरीला पुरेल की नाही, काय माहीत."